अढीत न बसणारं फळ

मंडळी, डिसेंबर लागला की आमच्या बेळगावात गणपत गल्लीच्या हातगाड्यांवर स्ट्रॉबेरीचे पारदर्शक डबे दिसायला लागतात आणि घरोघरी तेच एक गाऱ्हाणं सुरू होतं. "काल संध्याकाळी आणली, आज बघते तर वर पांढरी लव! ठेवायची तरी कशी ही?" उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मला त्या प्रश्नामागची गोष्ट जास्त ओढून घेते. फळं साठवणं आपल्या घरांना येत नव्हतं असं थोडंच आहे? पिढ्यान् पिढ्या साठवत आलोय की आपण. मग याच एका फळापुढे आमच्या आजीची विद्या का चालली नाही, आणि शेवटी ती कुणाकडून शिकली, ते आज लिहिते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आपल्या घरांना काय येत होतं ते बघू. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही जुन्या घराच्या माजघरात नाहीतर माळ्यावर एप्रिल-मेमध्ये आंब्याची अढी असायचीच. खाली भाताचं पिंजर, त्यावर आंब्यांचा एक थर, परत पिंजर, वरून गोणपाट. दोन-तीन दिवसांनी आजी आत हात घालून चाचपायची, खालचे वर, वरचे खाली करायची. दारातून आत येताना नुसत्या वासावरून सांगायची, "उद्या काढायला हरकत नाही." केळीचा घड खुंटीला टांगलेला. चिकू तांदळाच्या डब्यात. सीताफळं धान्यात. पपई वर्तमानपत्रात गुंडाळलेली. या सगळ्यामागे एकच समज होती. फळ झाडावरून उतरवलं तरी ते आतून चालू असतं, पिकत राहतं, आणि त्याला कोंडून ऊब दिली की लवकर पिकतं. ही फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो कोंडला गेला की पिकणं वेग घेतं, हे आपण नंतर पुस्तकात वाचलं. आजीला वायूचं नाव माहीत नव्हतं. काम माहीत होतं.

म्हणजे आपल्याकडे 'फळ साठवणं' याचा अर्थच मुळी होता, फळाची वाट बघणं. घरात आणलेलं फळ आज खायचं नसायचं, चार दिवसांनी खायचं असायचं. साठवणीचा प्रत्येक दिवस फळाच्या फायद्याचा.

स्ट्रॉबेरीचं सगळं याच्या उलट. ती तोडली त्या क्षणी तिचं पिकणं थांबतं. अर्धी पांढरी तोडलीत तर नंतर रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. तेव्हा तिच्याबाबतीत वाट बघण्यासारखं काही नसतंच, जो दिवस जातो तो तोट्याचा. शिवाय तिला साल म्हणावी अशी सालच नाही. आंब्याला जाड कातडं, केळ्याला पांघरूण, डाळिंबाला तर चिलखतच. हिच्या अंगावर फक्त एक पातळ पापुद्रा आणि वर टोचून बसवल्यासारख्या बिया. (वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात की त्या 'बिया' हीच खरी फळं, आणि आपण खातो तो लाल भाग म्हणजे फुलाची फुगलेली बैठक. असो, ताटात आल्यावर कोण विचारतंय.) शिवाय हिचा श्वासही जोरात चालतो. तोडल्यावर फळं श्वास घेत राहतात, त्यात साठलेली साखर जळते आणि उष्णता निघते. ढीग करून ठेवलात की आतल्या आत गरम होते.

आणि ती लव. ती राखाडी बुरशी, बोट्रायटिस तिचं नाव, बाजारात नाही लागत. तिचे कण बहुतेक वेळा शेतातच, फुलोऱ्याच्या वेळीच आत जाऊन बसलेले असतात. फळ पिकलं, अंगावर ओल मिळाली, कुठे खरचटलं, की त्या जाग्या होतात. एका फळावरून शेजारच्या फळावर नुसत्या स्पर्शाने जातात. 'एक नासका आंबा अढी नासवतो' ही म्हण आपण आंब्यावरून बनवली, पण तिचा खरा मान स्ट्रॉबेरीला द्यायला हवा.

आता हे असलं नाजूक फळ आपल्या दारापर्यंत आलं कसं? त्याची कूळकथा मजेदार आहे, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवातही 'टिकवण्या'तूनच होते. आज आपण खातो ती मोठी बागायती स्ट्रॉबेरी ही अठराव्या शतकातली फ्रान्समधली संकर आहे. फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, अमेदे फ्रेझिए नावाच्या एका लष्करी अभियंत्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाठवलं. वरकरणी प्रवासी, खरं काम स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी. तिथे चिलीमध्ये त्याला मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी दिसली. १७१४ साली तो परत आला तेव्हा सोबत तिची जिवंत रोपं होती. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, बोटीवर गोडं पाणी मोजून मिळायचं, त्यात रोपांना पाणी घालायचं. शेवटी पाच रोपं जगली. त्यातली दोन त्याने बोटीवरच्या त्या अधिकाऱ्याला दिली ज्याने त्यांच्यासाठी पाणी सोडलं होतं. मला ही वाटणी फार आवडते.

पुढे कळलं की आणलेली रोपं सगळी मादी. फुलं यायची, फळ धरेना. पण ब्रिटनीच्या किनाऱ्यावर प्लुगास्तेलच्या भागात शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी स्ट्रॉबेरी लावलेली होती. तिचा पराग मिळाला आणि नवी जात जन्मली, एकीचा आकार, दुसरीचा वास. १७६६ साली आंत्वान दुशेन नावाच्या तरुणाने पुस्तक लिहून हे कोडं उलगडून सांगितलं. फ्रेझिएचं आडनावही फ्रेंच भाषेतल्या स्ट्रॉबेरीच्या शब्दावरूनच आलेलं, हा निव्वळ योगायोग.

आपल्या सह्याद्रीवर ती साहेबांच्या मागून आली. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली, बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं, आणि आजाऱ्या गोऱ्यांसाठी हवा खायचं ठिकाण वसवलं. माल्कमपेठ म्हणायचे त्याला. साहेब आले म्हणजे त्यांच्या ताटातली भाजीही आली पाहिजे. तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले होते आणि विलायती भाज्यांचे मळे करण्यात त्या कैद्यांचा हात मोठा. आजही तिथल्या एका धबधब्याला 'चायनामन्स फॉल' म्हणतात तो त्या चिनी मळ्यांमुळेच. थंड हवा, भरपूर पावसाची लाल माती, उतारावरचा निचरा, यात स्ट्रॉबेरी रुजली आणि पुढे पाचगणी, भिलारपर्यंत पसरली.

पण पसरली ती तिथल्या तिथेच. कितीतरी वर्षं हे फळ महाबळेश्वरला जाऊन खायचं फळ होतं. साय घालून, बाजारपेठेत उभ्याने. खाली उतरवली की नासायची. १९५९ मध्ये पाचगणीत किशोर व्होरांनी जॅम बनवायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे मॅप्रो उभं राहिलं. आपल्या लोकांच्या घरात स्ट्रॉबेरी आधी बाटलीतून आली, फळ म्हणून नंतर. विचार करा, ज्या फळाचा जॅम आपण शाळेच्या डब्यात पोळीला लावून नेत होतो, ते फळ आपल्यातल्या कित्येकांनी हातात घेतलेलंसुद्धा नव्हतं.

आता बेळगावकडे येते. बेळगावही तसं थंड गाव, अडीच हजार फुटांवर. आमच्या घरी त्याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत ही दोन्ही गावं एकाच मुंबई राज्यात होती, मग आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. नाती मात्र राहिली तिकडेच. सातारा, कराड, वाई, मिरज, कोल्हापूर. आमची थोरली आत्या साताऱ्यात दिलेली. सत्तरच्या दशकात फाल्गुन-चैत्रात तिच्याकडून कुणी ना कुणी यायचं आणि सोबत एक करंडी असायची.

तो प्रवास सोपा नव्हता. रेल्वेने यायचं तर मिरजेला गाडी बदलायची, कारण पुण्याकडून मिरजेपर्यंत रुंद रूळ झाले तरी पुढे बेळगावकडे मीटर गेजच होतं, ते नव्वदच्या दशकापर्यंत. सामान हमालाच्या डोक्यावर, या फलाटावरून त्या फलाटावर. एसटीने यायचं तर कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी करत सबंध दिवस धक्के. महाबळेश्वराहून साताऱ्याला उतरलेली, तिथे एक रात्र काढलेली आणि मग दिवसभर उन्हातून आलेली स्ट्रॉबेरी संध्याकाळी आमच्या सोप्यावर टेकायची. वरची फळं लाल, सुरेख. खालची बसलेली, करंडीच्या कामट्यांतून गुलाबी पाणी ठिबकायचं.

पहिल्या वर्षी आजीने काय केलं असेल? तिला जे येत होतं तेच. फळं स्वच्छ धुतली, कारण प्रवासाची धूळ. हिरव्या टोप्या खुडून टाकल्या, कारण कचरा. मग माजघरातल्या उबदार कोपऱ्यात पातेल्यात घालून, वर झाकण ठेवून, "दोन दिवसांत तयार होतील" म्हणाली. दोन दिवसांनी झाकण काढलं. त्याचं वर्णन करत नाही, तुम्ही जेवून बसला असाल. आजोबा एवढंच म्हणाले, "वास दारूच्या गुत्त्यासारखा येतोय." आजी आठ दिवस कुणाशी धड बोलली नाही. आंबे, फणस, लोणची, सांडगे, सगळ्या गल्लीला सल्ला देणारी बाई ती. आत्याला तिने पोस्टकार्ड लिहवून घेतलं, की हे फळ परत पाठवू नकोस, साहेबाचं आहे, साहेबालाच खाऊ दे.

आत्या ऐकणारी नव्हती. पुढच्या चैत्रात करंडी आलीच. आणि त्याच सकाळी दारात जांबोटीकडची करवंदवाली आली.

इथे थोडं थांबून सांगते, कारण बडोदा-इंदूरच्या मंडळींना हे चित्र कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे खानापूर-जांबोटीच्या रानातून उन्हाळ्यात बायका करवंदं, जांभळं विकायला आणतात. पहाटे तोडलेला माल, डोक्यावर पसरट बुट्टी, तळाला आणि वर हिरवी पानं. बुट्टी खोल कधीच नसते. मापून द्यायची ती पानाच्या द्रोणात. करवंद हे स्ट्रॉबेरीसारखंच नाजूक, चेपलं की चिकट पाणी सुटतं, दुसऱ्या दिवशी आंबतं. आणि या बायका ते रानातून चालत, मग मोटारीने, शहरापर्यंत धडधाकट आणायच्या. गल्लीतल्या कुठल्याही घरंदाज सुगरणीपेक्षा नाजूक फळाची जाण त्यांना जास्त होती. पण त्यांना विचारणार कोण? आपण फक्त भाव पाडायचो.

आजीने त्या दिवशी विचारलं. मी उंबऱ्यात बसले होते, म्हणून ठाऊक. करंडी दाखवून म्हणाली, "हे बघ गं, हे कसं ठेवायचं? मागल्या वर्षी सगळं गेलं."

तिने एक फळ उचललं, वास घेतला, देठाकडून उलटंपालटं करून बघितलं. "धुतलंसा काय आक्का?"

"धुवायला नको? रस्त्याची धूळ किती!"

"वल्लं क्येलं की संपलं बघा. करवंद कधी धुऊन ठिवत्यात व्हय? खायच्या वक्ताला धुवायचं. आन् ह्ये टोपडं कशाला काढतासा? त्येच्यावाटनं पानी आत जातंय." मग तिने आमची मोठी पितळी परात मागवली, आपल्या बुट्टीतली पानं अंथरली आणि एकेक फळ वेगळं, एकाला दुसरं न लागेल असं मांडलं. चेपलेली बाजूला काढून म्हणाली, "ही आत्ता पोरास्नी द्या. ही उद्या न्हाईत."

परात कुठे ठेवायची यावर मात्र दोघींचं एकमत व्हायला वेळ लागला. आजीला ती देवघरात ठेवायची होती. करवंदवाली म्हणाली, वारा लागेल अशा सावलीत. शेवटी न्हाणीघराबाहेरच्या बोळकांडीत, जिथे पाण्याचा माठ ओल्या वाळूवर असायचा, तिथल्या जाळीच्या कपाटात ती गेली. त्या वर्षी तिसऱ्या दिवशीही आम्ही चांगली स्ट्रॉबेरी खाल्ली. धुणं, टोप्या, ढीग, झाकण, ऊब, आजीने आदल्या वर्षी केलेली प्रत्येक गोष्ट त्या बाईने उलटी करून दाखवली. आजच्या शेतकी पुस्तकांत याहून वेगळं काही नाही. कोरडं ठेवा, देठाची टोपी असू द्या, एका थरात ठेवा, खराब फळ लगेच काढा, थंडाव्यात ठेवा. तिच्याकडे नव्हता तो फक्त थंडावा.

तो फ्रिजने आणला. गोदरेजने १९५८ मध्ये देशात फ्रिज बनवायला सुरुवात केली खरी, पण आमच्यासारख्या मास्तरांच्या घरात तो यायला १९८० चं दशक उजाडलं. आणि फ्रिज आल्यावर पुन्हा चूक तीच. फ्रिज म्हणजे सगळं टिकणार, असा समज. करंडी होती तशी आत. नाहीतर पिशवीला गाठ मारून आत. पिशवीत फळ श्वास घेतं, त्याचा दमट वाफारा पिशवीच्या आतून थेंब होऊन जमतो, आणि ते थेंब फळांवरच पडतात. म्हणजे धुतल्यासारखंच झालं की! काकूने तर एकदा अगदी बर्फाच्या खणाखाली ठेवली होती, ती अर्धी गोठून काचेसारखी झाली आणि बाहेर काढल्यावर लगदा.

स्ट्रॉबेरीला खरं म्हणजे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी आणि नव्वद टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. एवढं सांभाळलं तर आठवडाभर निघतो. आपला घरातला फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, वर दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, त्यामुळे तीन-चार दिवस हा हिशेब धरा, चांगला माल असेल तर पाच. आम्ही अजून परातीचीच रीत ठेवली आहे, फक्त परातीच्या जागी पसरट डबा. तळाला कोरडा सुती रुमाल, वर एकच थर, झाकण टेकवलेलं पण घट्ट नाही. रुमाल ओलसर लागला की बदलायचा. रोज एकदा बघायचं. हे रोजचं बघणं फार महत्त्वाचं, अढीत हात घालून चाचपण्यासारखंच. एवढी एक सवय मात्र आजीची जशीच्या तशी कामाला आली.

हल्ली व्हिनेगरची युक्ती सगळे सांगतात. ती खोटी नाही. एक वाटी पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या पाणी, त्यात फळं टोप्यांसकट दोन-चार मिनिटं बुडवायची, साध्या पाण्यातून काढायची. पृष्ठभागावरचे बुरशीचे कण कमी होतात. पण त्यानंतर फळ पुरतं कोरडं झालं पाहिजे, पंख्याखाली कापडावर, घाई न करता. ते जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊच नका, न धुतलेली बरी. गरम पाण्याची युक्तीही आहे, ५२ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. तापमापक असलेल्यांनी करावी. बोट घालून अंदाज घेणाऱ्यांनी नको, शिजेल.

बाजारातला मालही आता बदललाय. नव्वदच्या दशकापासून महाबळेश्वरकडे परदेशी जाती आल्या, कॅलिफोर्नियाच्या चँडलर, कॅमारोसा, फ्लोरिडाच्या स्वीट चार्ली, विंटर डॉन. आकाराने मोठ्या, अंगाने घट्ट, प्रवास सोसणाऱ्या. करंडी गेली, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसणारे छोटे डबे आले. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. आज ती बेळगावातच काय, गोव्याच्या बाजारातही ताजी मिळते. मला विचाराल तर त्या जुन्या, बोटाच्या पेराएवढ्या मऊ स्ट्रॉबेरीचा वास या नव्यांना नाही. पण ती सोप्यापर्यंत अर्धी पाणी होऊन यायची, हेही तितकंच खरं. वास की टिकाऊपणा, यात शेतकऱ्याने टिकाऊपणा निवडला तर त्याला दोष कसा देणार?

सीमेवरच्या माणसांना आणखी एका गोष्टीचा हिशेब ठेवावा लागतो, रस्ता चालू आहे की बंद. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि महाराष्ट्राच्या एसटीने इकडची सेवा काही दिवस थांबवली. इथल्या कित्येक घरांची लग्नाची बोलणी, दवाखान्याच्या वाऱ्या अडकल्या, त्यापुढे फळांचं दुःख काय. पण आमच्या आत्येभावाने नेमका त्याच आठवड्यात मोसमाचा पहिला खोका पाठवला होता, आणि तो घेऊन येणारे गृहस्थ कागललाच उतरले. तिथे आमच्या वहिनींच्या माहेरची माणसं. खोका त्यांच्याकडे दोन रात्री राहिला.

त्यांचा फ्रिज लहान, त्यात दूधदुभतं. वहिनींच्या आईंनी फोनवर विचारलं, "आता ह्याचं काय करू, सांगा की." वहिनींनी इकडून सांगितलं, जे करवंदवालीने आजीला, आजीने आईला आणि आईने वहिनींना सांगितलं होतं. डबे फोडा, धुऊ नका, परातीत एक थर, माडीवरच्या खोलीत उत्तरेची खिडकी उघडी ठेवून. डिसेंबरातल्या रात्री होत्या, हवा थंडच होती. चार किलोंतली जेमतेम अर्धा किलो गेली. बाकीची तिसऱ्या दिवशी एका शेजाऱ्याच्या गाडीतून कोगनोळीचा नाका ओलांडून बेळगावात पोचली. त्या दिवशी आमच्याकडे स्ट्रॉबेरी खाताना नव्वदीच्या उंबरठ्यावरची आई म्हणाली, "जांबोटीच्या त्या बाईचं नाव आपण कधी विचारलंच नाही की गं." खरंच नव्हतं विचारलं. तिच्या मुली-सुना अजून येत असतील कदाचित, आम्ही ओळखणार कसं?

राहिली चेपलेली फळं. ती टाकायची नाहीत, पण बुरशी दिसली ते फळ मात्र पूर्ण टाकायचं, तेवढाच भाग कापून वापरायचा नाही. त्याला चिकटलेलंही नको. बाकीची, नुसती मऊ पडलेली, मुरंब्याला उत्तम. एक किलो फळाला पाऊण किलो साखर घालून रात्रभर मुरत ठेवायचं. सकाळी भरपूर रस सुटलेला असतो. स्ट्रॉबेरीत घट्टपणा आणणारं पेक्टिन कमी, म्हणून एका मोठ्या लिंबाचा रस हवाच. जाड बुडाच्या पातेल्यात आटवायचं, थंड बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढायची, रेघ मिटली नाही की उतरवायचं. आजी याला कधी जॅम म्हणाली नाही. चिनी मातीच्या बरणीत भरून, फडक्याचा दादरा बांधून, आवळ्याच्या मोरावळ्याशेजारी ठेवायची. साहेबाचं फळ शेवटी आमच्या फडताळात बसलं ते असं. शिकरण करायचा प्रयत्नही तिने एकदा केला होता, कोमट दुधात. दूध फाटलं. "आंबट फळ आणि दूध, शास्त्रात सांगितलंय ते उगाच नाही," म्हणून तो विषय संपला.

ज्यांना मुरंब्याचा खटाटोप नको त्यांनी फळं धुऊन, कोरडी करून, टोप्या काढून ताटात सुटी सुटी मांडावी आणि ताट फ्रीजरमध्ये ठेवावं. कडक झाली की पिशवीत भरावी, हवा दाबून काढून. आधीच पिशवीत भरलीत तर एकच दगड तयार होतो आणि मे महिन्यात तो बत्त्याने फोडत बसावं लागतं. वितळल्यावर ती ताज्यासारखी राहत नाहीत, तेव्हा सरबताला, मिल्कशेकला, श्रीखंडात घालायला. सहा-आठ महिने खुशाल राहतात. बडोद्याच्या आमच्या भाचीने हे करून दिवाळीच्या श्रीखंडात घातलं होतं. तिच्या सासूबाईंना केशरच हवं होतं, ती गोष्ट निराळी.

आता तुम्ही सांगा. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या मंडळींकडे उन्हाळा आमच्याहून कडक. तिथे फ्रिज यायच्या आधी जांभळं, फालसे, तुती ही नाजूक फळं घरात कशी ठेवत? वाळ्याचे पडदे, तळघर, ओली वाळू, कुणी काही बघितलं असेल तर खाली लिहा. आणि ते सांगणाऱ्या बाईचं नाव माहीत असेल तर तेही लिहा.